कपातीचा अधिकार

महाराष्ट्र विधानमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन जवळ आले की दोन्ही बाजूंचे आमदार आपापल्या मागण्यांची टिपणे घेऊन पुढे येतात. कोणी रखडलेल्या सिंचन प्रकल्पासाठी, कोणी जिल्हा रुग्णालयासाठी, कोणी रस्त्यांसाठी, तर कोणी कर्जमाफीसाठी वाढीव तरतूद मागतो. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस मुख्यमंत्र्यांचे चहापान, त्यावर विरोधकांचा बहिष्कार आणि लागोपाठ दोन पत्रकार परिषदा, असा जो परिपाठ वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्यालाच आपण अर्थसंकल्पाच्या प्राधान्यक्रमाची चर्चा समजत आलो आहोत. ही समजूत उथळ आहे. प्राधान्यक्रम या शब्दात 'क्रम' आहे, आणि जेथे पहिले कोण हे सांगितले जाते पण मागे कोणी थांबावयाचे हे सांगितले जात नाही, तेथे क्रम नसतो, केवळ यादी असते. माझे म्हणणे असे की, राज्याच्या विधानसभेस घटनेने दिलेला आर्थिक अधिकार मुख्यतः मागे काय ठेवावयाचे हे ठरविण्याचा, म्हणजे कपातीचा अधिकार आहे. तो अधिकार आपले लोकप्रतिनिधी जवळजवळ वापरीत नाहीत, आणि जो वाढीचा अधिकार त्यांना घटनेने दिलेलाच नाही त्याच्याच मागे त्यांची सारी शक्ती खर्च होते.

निधी खेचून आणणारा आमदार

आपल्याकडे आमदाराचे मोजमाप एका वाक्यात होते: त्याने मतदारसंघासाठी निधी किती खेचून आणला. फलकांवर हेच छापले जाते, सत्कारांत हेच बोलले जाते, आणि पाच वर्षांनी मतदारही हाच हिशेब मागतो. यात मतदाराचा दोष मी मानीत नाही; ज्याच्या गावास पाणीपुरवठ्याची नळयोजना नाही त्याने राज्याच्या राजकोषीय तुटीची चिंता आधी करावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु 'खेचणे' या क्रियापदातच गृहीत धरलेले आहे की रक्कम कोठेतरी आधीच पडून आहे आणि जो बलवान तो ती ओढून नेतो. ती कोणाच्या पुढ्यातून ओढली गेली, हा प्रश्न त्या शब्दात उमटतच नाही.

या मोजमापाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये प्रत्येकी चार कोटींवरून पाच कोटी रुपये करण्यात आला. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे मिळून ३६६ सदस्य धरले तर ही रक्कम वर्षाला १,८३० कोटी रुपये होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये होता. म्हणजे ज्या निधीच्या विनियोगात सदस्याचा शब्द प्रत्यक्ष चालतो, ज्याच्या कामांच्या यादीसाठी तो जिल्हाधिकारी कचेरीत स्वतः पाठपुरावा करतो, तो निधी एकूण खर्चाच्या साधारण पाव टक्का आहे. उरलेल्या खर्चावर, प्रभारित खर्च वगळता, मत देण्याचा अधिकार विधानसभेच्या सदस्यास आहे, आणि त्या मोठ्या भागाकडे त्याचे लक्ष वेधणारी कोणतीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

पहिली पायरी: घटनेने काय दिले

राज्याच्या वार्षिक वित्तीय विवरणपत्राची तरतूद घटनेच्या अनुच्छेद २०२ मध्ये आहे, आणि मागण्यांवरील मतदानाची अनुच्छेद २०३ मध्ये. या दुसऱ्या अनुच्छेदाची भाषा सावकाश वाचण्यासारखी आहे. विधानसभेस एखाद्या मागणीस संमती देता येते, संमती नाकारता येते, किंवा मागणीतील रक्कम कमी करून संमती देता येते. रक्कम वाढविण्याचा उल्लेख तेथे नाही, आणि राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी सभागृहापुढे येऊच शकत नाही. विधान परिषदेस तर मागण्यांवर मतदानाचा अधिकारच नाही. ही रचना आकस्मिक नव्हे. पैसा मागावयाचा सरकारने आणि त्यास आवर घालावयाचा प्रतिनिधींनी, ही जी वाटणी संसदीय राज्यपद्धतीत शतकानुशतकांच्या झगड्यांतून स्थिर झाली, तीच आपल्या घटनाकारांनी स्वीकारली.

ही वाटणी आपल्या मातीलाही सर्वस्वी परकी नव्हती. पेशवाईत मामलेदारास हुजूर दप्तरातून त्याच्या महालाचा अजमास दिला जाई. अपेक्षित वसूल किती आणि खर्चाची नेमणूक किती हे त्यात आधी बांधलेले असे, आणि वर्षाअखेर त्याचा हिशेब त्या अजमासाशी ताडून पाहिला जाई. खर्च करणाऱ्याचे हात आधीच्या कागदाने बांधलेले असावेत, ही कल्पना तेव्हाही होती. अर्थात बांधणारा लोकांचा प्रतिनिधी नव्हता, राज्यकर्ता होता, आणि हा भेद लहान नाही.

मागणीत घट सुचविण्याच्या साधनास कपात सूचना म्हणतात. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना देता येते. काटकसरीसाठी विशिष्ट रक्कम कमी करावी असे म्हणता येते. एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधावयाचे असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात मागता येते. व्यवहारात हे साधन भाषणाची संधी मिळविण्यापुरतेच उरले आहे. बहुतेक वेळा रस्त्यासाठी पैसे कमी मिळाले ही तक्रार मांडण्यासाठीच सदस्य रस्त्यांच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवितो. आवर घालण्याचे शस्त्र अशा रीतीने याचनेचे पात्र झाले आहे.

दुसरी पायरी: आधीच बांधलेला पैसा

येथे वाचकाने काही आकडे लक्षात घ्यावेत. १० मार्च २०२५ रोजी मांडल्या गेलेल्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी दाखविला होता. म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. तूट महसुली असणे याचा अर्थ असा की कर्ज धरण, पूल, रुग्णालये यांसाठीच काढले जात नाही, चालू खर्चाचा काही भागही त्यातूनच भागविला जातो. महसुली जमेचा निम्म्याहून अधिक हिस्सा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींतच जातो. यांपैकी व्याज हा एकत्रित निधीवरील प्रभारित खर्च असल्याने त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

म्हणून 'सात लाख कोटींचा अर्थसंकल्प' या शब्दांनी जो विस्तीर्ण निवडीचा भास होतो तो खरा नाही. खरी निवड ज्यात करता येते तो भाग पुष्कळच लहान आहे. नेमक्या याच कारणामुळे एका बाबीस पुढे घेतले की दुसरी मागे सरकते. फरक इतकाच की मागे सरकणाऱ्या बाबीचे नाव अर्थमंत्र्यांच्या भाषणात येत नाही.

तिसरी पायरी: क्रम प्रत्यक्षात कोठे ठरतो

अर्थसंकल्पाच्या दिवशी क्रम ठरत नाही. त्याचा एक भाग त्यापूर्वी ठरतो आणि दुसरा त्यानंतर.

पूर्वीचा भाग असा. वित्त विभाग पावसाळा सरता सरता सर्व विभागांकडून अंदाज मागवितो. हिवाळ्यात त्यांची छाननी होते. जिल्हा वार्षिक योजनांच्या राज्यस्तरीय बैठका साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत, पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांच्या उपस्थितीत होतात. या काळात, जेव्हा आकडा अजून ओला असतो, तेव्हा विधिमंडळाची एकही समिती एकाही विभागाच्या प्रस्तावित मागणीची तपासणी करीत नाही. आकडा वाळून, छापून, पुस्तकांच्या गठ्ठ्यांत बांधून सभागृहात येतो तेव्हा त्यात बदल करणे हे सरकारवरील अविश्वासासमान ठरते. २०२५ चे अधिवेशन ३ मार्चला सुरू होऊन २६ मार्चला संपले. अर्थसंकल्प १० मार्चला मांडला गेला. सर्वसाधारण चर्चा, विभागवार मागण्या आणि विनियोजन विधेयक हे सारे सोळा दिवसांत, त्यातही सुट्या धरून, उरकले गेले. वेळ संपताच राहिलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकण्याची जी पद्धत आहे, तिला संसदीय परिभाषेत गिलोटिन हा कठोर शब्द आहे, आणि तो यथार्थ आहे.

नंतरचा भाग याहून गंभीर आहे. अनुच्छेद २०५ अन्वये वर्षाच्या मध्ये नवा किंवा अपुरा पडलेला खर्च भागविण्यासाठी पुरवणी मागण्या मांडता येतात. हा अपवादासाठी ठेवलेला दरवाजा होता. २०२४-२५ च्या सुधारित अर्थसंकल्पाची तारीख २८ जून २०२४ आणि पहिल्या पुरवणी मागण्यांची तारीख ९ जुलै २०२४: मध्ये अकरा दिवस, आणि मागण्यांची रक्कम ९४,८८९ कोटी रुपये. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आणखी ३५,७८८ कोटी आणि मार्च २०२५ मध्ये ६,४८६ कोटी. तिन्हींची बेरीज १ लाख ३७ हजार कोटींवर जाते, आणि त्या वर्षाचा मूळ एकूण खर्च सुमारे ६ लाख १२ हजार कोटी होता. प्रत्यक्ष निव्वळ भार या स्थूल आकड्याहून काहीसा कमी असतो हे मान्य करूनही, अर्थसंकल्पाच्या एक पंचमांशाहून मोठी रक्कम अर्थसंकल्पाबाहेरच्या वाटेने आली ही गोष्ट उरतेच. पुढील वर्षी तोच क्रम: पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी, डिसेंबर २०२५ मध्ये नागपुरात ७५,२८६ कोटी.

मग ज्या अर्थसंकल्पावर अग्रलेख लिहिले जातात, दूरचित्रवाणीवर दिवसभर चर्चा होते, त्याचा अर्थ काय राहिला? आणि पुरवणी मागण्या मंजूर होऊनही शासनाला हातातील पैसा खर्चता येत नाही असे अनेकदा घडते. मूळ तरतूदच शिल्लक असताना पुरवणी अनुदान घेतले गेले असा शेरा महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा येतो. म्हणजे मूळ तरतुदीची पुस्तके हा इरादा, पुरवणी मागण्या हा दुसरा इरादा, पुनर्विनियोजनाचे आदेश हा तिसरा, आणि मार्चअखेरची कोषागारातील धावपळ ही वस्तुस्थिती. राज्याचा खरा प्राधान्यक्रम या चौथ्या ठिकाणी वाचावयास मिळतो, आणि तेथे एकही लोकप्रतिनिधी उपस्थित नसतो.

रोजगार हमी: क्रम ठरविण्याचा एक नमुना

सभागृहाने क्रम ठरविणे शक्य आहे काय, या शंकेचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात ग्रामीण मजुरांस हक्काने काम देण्याचा जो प्रयोग आरंभिला, तो १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवाने पक्व होऊन १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमात परिणत झाला. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता, हे सर्वविदित आहे.

परंतु ज्या अंगाकडे फारसे लक्ष दिले जात नाही ते या योजनेचे वित्तीय अंग आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला; नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर या योजनेसाठी घ्यावयाचा असे ठरले; मोटारवाहन, विक्रीकर, बागायत जमीन यांवरील अधिभारही या निधीस जोडले गेले; आणि जितकी रक्कम या करांतून जमेल तितकीच रक्कम शासनाने सर्वसाधारण महसुलातून त्यात घालावी अशी कायद्यानेच तजवीज झाली. कोणास द्यावयाचे आणि कोणाकडून घ्यावयाचे, ही दोन्ही उत्तरे एकाच विधिमंडळाने, एकाच काळात, उघडपणे दिली. शहरातील पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा दिसणारी कपात दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीशी जोडली गेली. निधी कधी पुरता वापरला गेला नाही, कामांच्या दर्जाविषयी आणि हजेरीपटांविषयी गंभीर तक्रारी झाल्या, हे सर्व खरे. परंतु क्रम लावणारा कायदा असा असतो, हे या कायद्याने दाखविले.

आता २८ जून २०२४ ची घोषणा पाहावी. एकवीस ते साठ (पुढे पासष्ट) वर्षे वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देणारी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' त्या दिवशी जाहीर झाली आणि तिचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी सांगण्यात आला. अकरा दिवसांनी मांडलेल्या पुरवणी मागण्यांत तिच्यासाठी २५,००० कोटी होते; २०२५-२६ साठी तरतूद ३६,००० कोटींची झाली. या योजनेसाठी कोणताही नवा कर, कोणताही अधिभार, कोणतीही जाहीर कपात सुचविण्यात आली नाही. परिणाम असा झाला की २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांच्या निधीतून या योजनेचे हप्ते भागविले जात असल्याचे उघड झाले आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनी स्वतःच जाहीर नापसंती व्यक्त केली. मागे कोण सरकले हे अशा रीतीने वर्षभरानंतर, एका शासन निर्णयातून कळले. सभागृहाने मात्र त्याविषयी कधीच मत दिले नव्हते.

मी या योजनेच्या विरोधात लिहीत नाही. ज्या बाईचा सारा दिवस कष्टात जातो आणि जिच्या हातात स्वतःच्या नावाचा एक रुपया नसतो, तिच्या बँक खात्यात दरमहा दीड हजार रुपये पडणे ही तिच्या आयुष्यातील मोठी घटना आहे. या रकमेला खैरात म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. माझे म्हणणे तिच्याच हिताचे आहे. जो हक्क करासह येतो तो टिकतो, कारण तो काढून घ्यावयाचा तर करही उठवावा लागतो आणि त्यासाठी सभागृहापुढे यावे लागते. जो हक्क केवळ घोषणेने येतो त्याचे निकष निवडणुकीनंतर आवळता येतात, हप्ता लांबणीवर टाकता येतो, आणि लाभार्थींची संख्या छाननीच्या नावाखाली घटविता येते. पागे यांच्या मजुराला कायद्याचे बळ होते. लाडक्या बहिणीला शासन निर्णयाचे आहे.

प्रादेशिक अनुशेषाचा धडा

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील वाटपाचा वाद हाच आपल्या अर्थसंकल्पाचा गाभा आहे, असे मानणारा एक मोठा पक्ष आहे. १९५३ च्या नागपूर करारापासून अनुच्छेद ३७१(२) पर्यंत या प्रश्नास घटनात्मक अधिष्ठान आहे हे खरे. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मोजून दाखविला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश आले. २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत, मुदतवाढ न मिळता, संपली. इतकी मोजणी, इतके अहवाल, आणि तरीही अनुशेषाचा आकडा एका समितीपासून दुसऱ्या समितीपर्यंत वाढतच गेला. कारण मोजणीत कमतरता नव्हती. अमुक प्रदेशात अमुक वर्षे नवी कामे घ्यावयाची नाहीत असे उच्चारण्याची तयारी कोणत्याही सरकारची आणि कोणत्याही सभागृहाची झाली नाही. सर्वत्र नवी कामे सुरू होत राहिली, आणि थोडथोड्या पैशांनी सर्वत्र अपुरी राहिली.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: बहुमताने निवडून आलेल्या सरकारला आपला कार्यक्रम राबविण्याचा अधिकार आहे, आमदारांनी त्यात कपात करणे म्हणजे जनादेशाचा अनादर. जनादेश दिशेला असतो, हे मान्य. परंतु मतदाराने कर्जमाफीस मत दिले असेल तर त्याने शाळेच्या इमारती थांबविण्यास मत दिले असे होत नाही. त्या थांबवावयाच्या असतील तर ते त्याच्या प्रतिनिधीने उघड मताने मान्य केले पाहिजे. सरकारने निवड करू नये असे मी म्हणत नाही. निवड लपवू नये असे म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. कपात सूचना मंजूर झाली तर संकेतानुसार सरकारवर अविश्वास ठरतो. मग सत्तापक्षाचा कोणता सदस्य तिला मत देईल? हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या सर्व विवेचनाचा रोख त्यामुळेच अधिवेशनापूर्वीच्या काळाकडे आहे. सभागृहात पक्षादेश असतो; समितीच्या बंद खोलीत, जेथे विभागाचे सचिव समोर बसलेले असतात आणि पत्रकार नसतात, तेथे सत्तापक्षाचा सदस्यही मोकळेपणाने विचारू शकतो की मागील वर्षीची तरतूद अर्धी पडून असताना या वर्षी दुप्पट का. आकडा ओला असताना विचारलेल्या प्रश्नाने सरकार पडत नाही; आकडा बदलतो.

तिसरा आक्षेप सदस्यांच्या कुवतीविषयी आहे: हजारो लेखाशीर्षांची पुस्तके सामान्य आमदाराने कशी वाचावी? या आक्षेपात तिरस्कार दडलेला आहे आणि तो मला मान्य नाही. १९०२ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या सर्वोच्च कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले, तेव्हा १८९२ च्या कायद्याप्रमाणे त्यांना अंदाजपत्रकावर चर्चा करता येत होती, मत देता येत नव्हते, दुरुस्तीही सुचविता येत नव्हती. सरकारी शिल्लक म्हणजे समृद्धीचा पुरावा, ही सरकारची भूमिका त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी खोडून काढली. रुपयाची किंमत कृत्रिमपणे वाढल्यावर जुने कर तसेच ठेवल्याने ती शिल्लक पडते आहे, आणि दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून ती वसूल होते आहे, हे त्यांनी दाखविले. मिठावरील कर मणास अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला आणि पुढील काही वर्षांत एक रुपयापर्यंत उतरला. या कामी गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने आकडे जुळवून देण्यात त्यांना मोठे साहाय्य केले. एक शिक्षक आणि एक प्राध्यापक, हाती मताचा अधिकार नाही, समोर व्हाइसरॉय. तरीही प्रश्न नेमका होता. आजच्या सदस्याला मत आहे, माहितीचा अधिकार आहे, विधिमंडळाचे ग्रंथालय आहे. उणीव बुद्धीची नाही, त्या कामासाठी राखून ठेवलेल्या दिवसांची आहे.

चौथा आक्षेप: अतिवृष्टी, दुष्काळ, साथ यांना पुरवणी मागण्यांवाचून तोंड कसे द्यावे? २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे साहाय्य जाहीर करावे लागले आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत शेतकऱ्यांच्या मदतीचा मोठा भाग होता. अशा मागण्यांना कोणीही विवेकी मनुष्य हरकत घेणार नाही. त्यासाठीच आकस्मिकता निधी आहे, आपत्ती निवारण निधी आहे, आणि अनुच्छेद २०५ आहे. परंतु आभाळ फाटल्याने आलेला खर्च आणि निवडणूक जवळ आल्याने आलेला खर्च एकाच पुस्तकात, एकाच मताने मंजूर होतो, ही व्यवस्था दुष्काळग्रस्ताच्या नावाने इतर सर्वांना वाट करून देते. दोन्हींची पुस्तके निराळी असावीत.

अधिवेशनापूर्वी काय करता येईल

लोकसभा आणि राज्यसभा यांच्या विभागसंलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. अर्थसंकल्प मांडला गेल्यानंतर दोन्ही सभागृहे काही आठवडे स्थगित होतात आणि त्या काळात समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासून अहवाल देतात. केरळ विधानसभेने तर १९८० मध्येच विषय समित्या निर्माण केल्या आणि मागण्या मतास येण्यापूर्वी त्यांच्याकडे जातात. महाराष्ट्रात लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, पंचायत राज समिती आहे, रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती आहे. त्यांतील काहींचे काम नावाजण्याजोगे आहे. परंतु लोकलेखा समिती जे तपासते ते खर्चून झालेले असते, आणि पुष्कळदा तो खर्च करणारे अधिकारी तोवर निवृत्त झालेले असतात. मागणी मंजूर होण्यापूर्वी ती समितीकडे गेलीच पाहिजे, असा नियम आपल्याकडे नाही.

तो करावा. पाटबंधारे, आरोग्य, शिक्षण, कृषी, नगरविकास आणि ग्रामविकास एवढ्या सहा विभागांपासून आरंभ झाला तरी पुरे. प्रत्येक समितीने जानेवारीत सचिवांस बोलावून तीन प्रश्न लेखी विचारावेत: गेल्या वर्षीच्या तरतुदीपैकी डिसेंबरअखेर किती खर्च झाली; नव्या कामांना मंजुरी देताना अपुऱ्या कामांपैकी कोणती थांबणार; आणि नव्या योजनेचा पैसा कोणत्या करातून किंवा कोणत्या कपातीतून येणार. या उत्तरांसह अहवाल सभागृहापुढे ठेवावा, अर्थसंकल्प मांडल्यावर दहा दिवस तरी सभागृह समित्यांच्या कामासाठी स्थगित राहावे, आणि ज्या योजनेबाबत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आलेले नाही तिची मागणी स्वतंत्रपणे मतास टाकावी.

घटनेच्या अनुच्छेद २०८ अन्वये सभागृहाचे कामकाज नियम सभागृहच करते. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची अनुज्ञा लागत नाही, वित्त विभागाची सहमतीही लागत नाही. नियम समितीचा प्रस्ताव आणि २८८ सदस्यांच्या सभागृहाचे साधे बहुमत एवढेच लागते.